किल्ल्यांची हजेरी

रविवारी सकाळी आंघोळ आटोपली की मोठे मास्तर गल्लीतल्या चार घरी जात आणि उंबऱ्याबाहेर उभे राहून एकच शब्द बोलत, "किल्ली." आत येत नसत, चहा घेत नसत. घरच्यांनी किल्ली आणून त्यांच्या तळहातावर ठेवायची. ती ते बोटांनी चाचपत, परत देत आणि "ठीक" म्हणून पुढच्या घरी जात. सगळं मिळून पाव तासाचं काम. गल्लीतले लोक याला किल्ल्यांची हजेरी म्हणत आणि त्यांची पाठ वळली की हसत. मीही हसत असे. त्या चार घरांतलं एक घर माझं होतं.

किल्ल्या चार, पण कुलूप एकच, आणि तेही त्यांच्या स्वतःच्या घराचं. पाचवी किल्ली त्यांच्या जानव्याला बांधलेली असे.

ही अकोल्याच्या जुन्या शहरातली हकिकत आहे, दुसरी लढाई पेटायच्या दोन-तीन वर्षं आधीची. मी अमरावतीहून नवा मास्तर होऊन आलो होतो. नेमणूक हंगामी. शाळा मोर्णा नदीच्या पलीकडे, आणि राहायला अलीकडे एका अरुंद गल्लीत कौलारू घराची एक खोली. समोर मोठे मास्तर राहत. तेही आमच्याच शाळेत, भूगोल शिकवायला. त्यांचं नाव कोणी घेत नसे. ते मोठे मास्तर होते म्हणून आठ दिवसांत गल्लीनं मला लहाने मास्तर करून टाकलं.

माणूस उंच, खांद्यातून वाकलेला. एका डोळ्यात मोतीबिंदू, चष्म्याच्या एका काडीऐवजी दोरा. वर्गात अगदी पुस्तकी मराठी बोलत. शाळेचं फाटक ओलांडलं की वऱ्हाडी सुरू. जगातली सगळी बंदरं त्यांना पाठ होती, पण समुद्र त्यांनी पाहिलेला नव्हता. मी एकदा म्हटलं, सुट्टीत मुंबईला जाऊन पाहून तरी या. तर म्हणाले, "पाहून काय करू? मले पोरायले शिकवाचं आहे, पोहाचं नाही."

पोरांना ते मारत, पण त्यांचा एक कायदा होता. गृहपाठ आणला नसेल आणि पोरगं "विसरलो" म्हणालं, तर ते नुसतं "बस" म्हणत. "आणलं होतं, वाटेत पडलं" असं कोणी म्हणालं, की छडी. वर्षानुवर्षांचा हा कायदा सगळ्या शाळेला माहीत होता. "विसरणं माणसाच्या हाती नाही," ते म्हणत. "सांगणं आहे."

शाळेत निघताना त्यांचा कुलपाचा कार्यक्रम बघण्यासारखा असे. कडी घालायची, कुलूप लावायचं, तीन हिसके द्यायचे. गल्लीच्या वळणापर्यंत जायचं. तिथं थबकायचं. परत यायचं, आणखी तीन हिसके. मग दाराला तोंड लावून म्हणायचं, "अक्का, मी येतो हं." आतून कधी उत्तर येई, कधी येत नसे.

अक्का त्यांची थोरली बहीण. त्यांच्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठी. आईमागं तिनंच त्यांना वाढवलं होतं. तिचं लग्न पातूरला झालं होतं आणि सतराव्या-अठराव्या वर्षी ती कुंकू पुसून माहेरी परत आली. पुढची पन्नास वर्षं तिनं भावाचा संसार केला. भावानं लग्न केलंच नाही. मी पाहिली तेव्हा तिला कालचं काही आठवत नसे आणि पन्नास वर्षांपूर्वीचं सगळं आठवत असे. पातूरच्या घरातून निघताना कोठीच्या खोलीची किल्ली चुकून तिच्या कनवटीला राहून गेली होती म्हणे. ती तिनं तेव्हाच माणसाहाती परत पाठवली होती, हे मोठ्या मास्तरांनी मला सांगितलं. पण म्हातारपणी तिच्या मनातून ते पाठवणं पुसलं गेलं आणि राहून गेलेली किल्ली तेवढी उरली. ती दिवसभर घरात शोधत फिरे. गाद्या उलथ्या करी, डबे उपडे करी. खिडकीच्या गजांना धरून येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणे, "दार उघडा ना बाप्पा. सासूबाई वाट पाहून राहिल्या. त्यायची किल्ली माझ्यापाशी राह्यली."

दोनदा ती घरातून निघून गेली होती. पहिल्यांदा मोर्णेच्या पात्रात डांगरवाडीत सापडली, खरबुजांच्या वेलांमध्ये बसलेली. दुसऱ्यांदा पातूरच्या रस्त्यावर चार कोसांवर एका गाडीवानाला दिसली. पायांना फोड आले होते. त्यानं उचलून गाडीत घातलं तर त्याच्या हाताला चावली. त्यानंतर मास्तरांनी बाहेरून कुलूप लावायला सुरुवात केली.

आणि कुलूप लावल्या दिवसापासून त्यांना झोप लागेना. आग लागली तर? ती पडली तर? मी शाळेत मेलो तर? ते सरळ बाजारात गेले आणि त्याच कुलपाच्या चार किल्ल्या करून आणल्या. कुलपं-किल्ल्या करणारे चाचा आमच्याच गल्लीच्या टोकाला राहत. बाजारात त्यांचं छोटं दुकान. एक किल्ली चाचांनाच दिली. दुसरी आमच्या शेजारच्या माळीणबाईला. ती आणि तिचा नवरा मळ्यातला भाजीपाला आणि फुलं बाजारात विकत. तिसरी त्यापलीकडच्या घरातल्या कारकुनांना; ते कचेरीत नोकरीला होते. चौथी किल्ली माझ्या खोलीत आधी राहणाऱ्याकडे होती. त्याची बदली झाल्यावर ती माझ्याकडे आली.

"तुमी नवीन आहात," किल्ली देताना मास्तर म्हणाले होते, "म्हणून तुमी विसरणार नाही. जुन्यायले सवय होऊन जाते."

चाचांना त्यांनी सक्त ताकीद दिली होती की त्या कुलपाची सहावी किल्ली कोणी मागितली तर करायची नाही, आधी मला विचारायचं. चाचा मला हसत म्हणाले होते, "मास्टरसाबनं कसम घातली आहे मले. बादशहा आला तरी नाही बनवून देणार."

हजेरीची गंमत मला नीट कळली ती कारकुनांच्या वेळी. मी आल्यानंतरच्या दिवाळीतली गोष्ट. त्या रविवारी कारकुनांकडे किल्ली सापडेना. "सापडेल हो, घरातच आहे कुठेतरी, संध्याकाळी दाखवतो," असं ते म्हणाले. मास्तर म्हणाले, "सापडू द्या. मी बसतो." आणि ओट्यावर बसले. रागावले नाहीत, काही बोलले नाहीत. नऊ वाजले, अकरा वाजले, एक वाजला. गल्ली गोळा झाली. कारकुनांच्या बायकोनं पाणी आणून ठेवलं, त्याला त्यांनी हात लावला नाही. आत सगळं घर उलथंपालथं चाललेलं ऐकू येत होतं. अक्काला माळीणबाईनं जेवू घातलं. शेवटी अडीचच्या सुमाराला लोणच्याच्या बरणीमागे किल्ली सापडली. कारकुनांच्या बायकोला रडू कोसळलं होतं. मास्तरांनी किल्ली चाचपली, परत दिली, "ठीक" म्हणाले आणि उन्हात घरी गेले. कारकून पुढं महिनाभर खालमानेनं गल्लीतून जात-येत.

मी तेव्हा मनाशी म्हटलं, आपल्यावर ही पाळी येऊ द्यायची नाही.

शिमग्यानंतर एक दिवस माझी किल्ली हरवली.

कुठं हरवली हे मला आजही सांगता येत नाही. कोटाच्या आतल्या खिशात असे. कोट धोब्याकडं गेला नव्हता. मी सगळं अंथरूण झटकलं, पुस्तकं झटकली, शाळेतला टेबलाचा खण पाहिला, नदीच्या वाटेनं मान खाली घालून दोनदा चालत गेलो. नव्हती. ज्या दिवशी कळलं तो शुक्रवार होता. रविवार दोन दिवसांवर.

सांगायला काय हरकत होती? आता वाटतं, काहीच नव्हती. "विसरणं माणसाच्या हाती नाही" हे त्यांचंच वाक्य. पण मला ते ओट्यावर बसलेले दिसत होते. माझी नेमणूक हंगामी होती, मोठ्या मास्तरांच्या शब्दाला हेडमास्तरांकडे वजन होतं, आणि "तुमी विसरणार नाही" हे त्यांनी मला सांगून ठेवलेलं. चाचांकडे जावं तर ते आधी मास्तरांना विचारणार.

माझ्या ट्रंकेची एक किल्ली होती. तशीच लोखंडी, थोडी आखूड. रविवारी "किल्ली" असा आवाज आल्यावर मी ती त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी तिच्यावरून अंगठा फिरवला. माझ्याकडं पाहिलं. मोतीबिंदूचा डोळा कुठं पाहतो ते कळत नसे. मग म्हणाले, "ठीक."

मला हायसं वाटलं. त्यानंतर आठ-नऊ रविवार मी ट्रंकेची किल्ली दाखवली. तिसऱ्या-चौथ्या रविवारपासून तर आवाज यायच्या आधीच ती हातात काढून ठेवू लागलो.

वैशाखात शाळेला सुट्टी लागली. मी दोन दिवसांनी अमरावतीला घरी जाणार होतो. परीक्षेच्या कामासाठी मोठ्या मास्तरांना अमरावतीहून एका दिवसाचं बोलावणं आलं. सकाळच्या गाडीनं जायचं, संध्याकाळच्या गाडीनं परत. आदल्या संध्याकाळी ते चारही घरी फिरले. त्या दिवशी किल्ली मागितली नाही. फक्त पाळ्या सांगितल्या. सकाळी माळीणबाई तिला खाऊ घालेल. दुपारी मी. चार वाजता चाचा. सहाला कारकून कचेरीतून आले की ते.

"ऊन फार आहे," मला म्हणाले. "जेवाचं माळीणबाई पाहते. तुमी फक्त दुपारी दार उघडून पाणी पाजा तिले. हातानं पाजा. पेला सांडते ती. मग वाळ्याच्या ताट्यावर पाणी मारा. एवढंच."

मी "हो" म्हणालो.

ते क्षणभर उभे राहिले. "जमेल ना?"

"जमेल ना, मास्तर. त्यात काय."

तोंडापर्यंत शब्द आला होता असं म्हणायला मला आवडलं असतं. आला नव्हता. मी मनात हिशेब केला होता की सकाळीच चाचांना गाठून त्यांची किल्ली दुपारपुरती मागून घ्यायची. माझी शाळेत राहिली म्हणायचं.

सकाळी मी उशिरा उठलो. मास्तर पहाटेच गेले होते. माळीणबाई त्यांच्या घरातून बाहेर पडून कुलूप लावत होती. डोक्यावर नव्या लुगड्याचा पदर आवरत मला म्हणाली, "लहाने मास्तर, म्या भाकर चारली बुढीले, माठ भरून ठेवला. आता मी हिवरखेडले चालली, भाचीच्या लग्नाले. दुपारचं तुमी पाहा बरं."

"हव," मी म्हटलं. "जा तुम्ही."

तिच्या कमरेला किल्ली लटकत होती. हात पुढं केला असता तर मिळाली असती. मी म्हटलं, चाचा आहेतच.

मग मी वाचत बसलो. साडेअकराला निघालो. चाचांच्या दुकानाला फळ्या लावलेल्या. शेजारचा अत्तरवाला म्हणाला, बाळापूरहून निरोप आला, चाचांची बहीण वारली, ते सकाळीच गेले, उद्या येतील. जाताना त्यांनी आपली चारची पाळी कारकुनांना सांगितली होती आणि कारकून "बरं" म्हणाले होते, हे मला नंतर कळलं. कारकुनांनी मनात धरलं की आपण सहाला जाणारच आहोत, तेव्हाच पाहू.

मी गल्लीत परत आलो तेव्हा बारा वाजून गेले होते. अकोल्याचं ऊन ज्यानं सोसलं आहे त्याला सांगायला नको. गल्लीत एकही दार उघडं नव्हतं. कुत्री गटाराच्या ओलीत पडली होती.

अक्काचा आवाज येत होता. रोजचाच. "दार उघडा ना बाप्पा."

मी दाराशी गेलो. "अक्का, मी समोरचा."

"कोन?"

"लहाने मास्तर."

"दार उघडा ना. माठ फुटला."

मी दाराच्या फटीतून पाहिलं. आत अंधार होता. जमीन ओली दिसत होती.

"अक्का, खिडकी उघडता का? खिडकीतून पाणी देतो."

ती खिडकीकडे गेली नाही. खिडकी तिनं आतून लावली होती की सकाळी माळीणबाईनं, ते मला ठाऊक नाही. मी बाहेरून ढकलून पाहिली, हलली नाही. "अक्का, अडसर काढा, अडसर," मी दोन-तीनदा ओरडलो. ती दारापाशीच उभी होती. तिच्या बांगड्यांवाचूनच्या हातांची बोटं दारावर वाजत होती. "तान लागली बाप्पा," ती म्हणाली. किल्लीचं, सासूबाईंचं काही बोलली नाही. हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं होतं.

"आत्ता आणतो हं किल्ली," मी म्हटलं.

कचेरी नदीपलीकडे दीड मैलावर होती. दिवाळीच्या त्या प्रसंगापासून कारकून किल्ली खिशातच बाळगत. दीड मैल जाणं आणि दीड मैल येणं. ऊन होतं.

दाराजवळ पायरीला टेकण म्हणून लावलेला एक दगड होता. दोन्ही हातांनी उचलण्याइतका. मी तो उचलला. कुलूप जुनं होतं, दोन-तीन घावांत तुटलं असतं. दगड हातात धरून मी उभा राहिलो आणि मला संध्याकाळ दिसली. मास्तर गाडीतून उतरून येतील. तुटलेलं कुलूप पाहतील. विचारतील, तुमच्यापाशी किल्ली होती ना?

मी दगड खाली ठेवला. आवाज होऊ नये असा हळू ठेवला.

थोडा वेळ तिथंच थांबलो. आतली बोटं वाजायची थांबली होती. मी कान लावला. काही ऐकू आलं नाही. मी स्वतःला सांगितलं, झोपली असेल. दुपारी झोपतेच ती. माठ फुटला तरी घरात दुसरं पाणी असेलच, घागर असेल. चारला कोणीतरी येईल.

मी खोलीत आलो. माझ्या माठातलं पाणी प्यायलो, दोन पेले. टॉवेल ओला करून तोंडावर घेतला आणि आडवा झालो. मला झोप लागली. पाच वाजता जाग आली तेव्हा गल्ली शांत होती आणि मी उठून समोर गेलो नाही.

मोठे मास्तर आले तेव्हा अजून उजेड होता. कारकून यायचे होते. मास्तरांच्या हातात अमरावतीहून आणलेली आंब्यांची लहान टोपली होती. त्यांनी जानव्याची किल्ली काढून कुलूप उघडलं, कडी काढली, दार ढकललं. दार उघडेना. ते अर्धवट उघडून कशाला तरी अडत होतं. मी खोलीच्या दारात उभा राहून पाहत होतो. त्यांनी खांदा लावून हळूहळू दार सरकवलं आणि आत गेले. मी मागून गेलो.

ती दाराच्या मागंच पडली होती. लुगड्याचा पदर ओला होता आणि त्याचं टोक तिच्या तोंडात होतं. जमिनीवरचं पाणी पदरानं टिपून तिनं चोखलं होतं.

मास्तर खाली बसले. पदराचं टोक त्यांनी तिच्या तोंडातून काढलं, पिळलं आणि तिच्या खांद्यावर नीट घातलं. मग मला म्हणाले, "लहाने मास्तर, वैद्यायले बोलवा." वैद्य आले. ऊन लागलं म्हणाले, वय होतं म्हणाले. तिरडी बांधायला मी होतो. खांदा द्यायलाही मी होतो. मोर्णेच्या काठावर चिता पेटली तेव्हा मास्तरांनी माझा हात धरून ठेवला होता, कारण त्यांना नीट दिसत नव्हतं.

अमरावतीला जाणं मी पुढं ढकललं होतं. तेरावा झाल्यानंतरच्या रविवारी शेजारी माळीणबाईचं दार वाजलं. "किल्ली."

या वेळी ते किल्ल्या परत घेत होते. मी दारातून सगळं पाहिलं. माळीणबाई रडत बाहेर आली. "म्या म्हनलं लहाने मास्तर हायेत ना घरी. नाही त मी जाते काय वो?" तिच्या बोलण्यात माझ्यावर ठपका नव्हता. ती खरंच विचारत होती. कारकुनांनी किल्ली दोन्ही हातांनी दिली आणि मान खाली घातली. चाचा तर स्वतःच किल्ली घेऊन गल्लीत आले. ती त्यांनी मास्तरांच्या तळहातावर ठेवली. मग म्हणाले, "चार चाब्या म्या बनवल्या, मास्टरसाब. एकच ठेवली असती तुमी, त तुमी तिले सोडून गेलेच नसते."

"खरं आहे," मास्तर म्हणाले.

मग ते माझ्याकडे आले. मी ट्रंकेची किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली. दुसरं काय करणार होतो? त्यांनी ती चाचपलीही नाही. परत माझ्या हातात दिली.

"ही तुमच्या ट्रंकेची आहे," म्हणाले. "तुमाले लागंल."

मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी समजलं. आखूड आहे ना."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकानं पुसला. "तुमचं तोंड पाह्यलं मी त्या दिवशी. घाम फुटला होता तुमाले. म्हटलं, नवीन माणूस आहे, लाज वाटून राहिली त्याले. कारकुनाले बसवलं तेव्हा त्याची बायको रडली, ते मले लागलं होतं. म्हटलं, बाकीच्या तीन आहेत, माझी आहे. याले काहून लाजवा? आज ना उद्या सांगंल तो." चष्मा पुन्हा लावून म्हणाले, "त्या संध्याकाळी तुमाले विचारलं मी, जमेल ना म्हणून. तुमी जमेल म्हणाले. मले वाटलं, सापडली असंल."

मी ट्रंकेची किल्ली खिशात टाकली.

"चूक माझी," ते म्हणाले. "वर्गातल्या पोराले सोडलं नसतं मी. तुमाले सोडलं."

मी भर दुपारी दाराशी गेलो होतो, तिचा आवाज ऐकला होता, दगड उचलून खाली ठेवला होता, हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांची समजूत अशी होती की माझ्याकडे किल्ली नव्हती म्हणून मी त्या बाजूला गेलोच नाही. ती समजूत मी तशीच राहू दिली. तेव्हाही सांगता आलं असतं. त्यांनी दोन शब्द बोलून मला वाट करून दिली होती. ते उंबऱ्याबाहेर उभे होते, घाईत नव्हते. मी म्हणालो, "पाणी घेता का, मास्तर?" ते नको म्हणाले आणि गेले.

सुट्टीनंतर मी अकोल्याला परत गेलो नाही. खटपट करून अमरावतीच्या एका शाळेत जागा मिळवली. मोठ्या मास्तरांनी हेडमास्तरांकडून माझ्यासाठी चांगलं शिफारसपत्र लिहवून घेतलं होतं, ते टपालानं आलं. सोबत चिठ्ठी नव्हती. अकोल्याहून कोणी भेटलं तर मी त्यांची चौकशी करत असे. कळलं की ते आता दाराला कडीसुद्धा लावत नाहीत. भुरटे चोर येऊन भांडी घेऊन गेले, तरी लावत नाहीत. मग कळलं, दुसऱ्या डोळ्याचंही दिसणं गेलं आणि शाळेतली नोकरी सुटली.

पाच वर्षांनी ते मला बडनेऱ्याच्या फलाटावर दिसले. मी अमरावतीच्या गाडीची वाट पाहत होतो. ते बाकावर बसले होते, हातात काठी, शेजारी त्यांच्या दूरच्या पुतण्याची बायको. तिनंच मला सांगितलं की ते आता नागपूरला त्यांच्याकडे राहायला चालले आहेत. मी निघून जाऊ शकलो असतो. त्यांना दिसत नव्हतं. पण त्या बाईशी मी सहज बोललो आणि त्यांनी आवाज ओळखला.

"लहाने मास्तर?"

"हो."

त्यांनी हात पुढं केला, तो मी धरला. म्हातारा खुश झाला होता. लग्न झालं का, मुलं किती, अजून शाळेत शिकवता की नाही, असं विचारत राहिले. मी उत्तरं देत राहिलो. अमरावतीची गाडी लागली. मी म्हटलं, निघतो.

"सूनबाई," ते त्या बाईला म्हणाले, "हे आमच्या समोर राहत. भला माणूस. अक्का गेली तेव्हा वैद्यायले बोलावण्यापासून खांदा देईपर्यंत सगळं यायनंच केलं. मले काही दिसत नव्हतं त दिवसभर यायनं माझा हात सोडला नाही."

ती बाई उठली. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि भर फलाटावर वाकून मला नमस्कार केला.

मी तो घेतला.